नऊ नंबरच्या बाईंचा पेपर

काचीगुडा, हैदराबाद
९ सप्टेंबर २०२०

सिस्टर वैशाली,

पाकिटावर हॉस्पिटलच्या नावाखाली मी ‘कोविड वॉर्डातल्या, पाठीवर देवनागरीत नाव लिहिणाऱ्या सिस्टर वैशाली यांना’ असा पत्ता घातला आहे. माझा मुलगा योगेश म्हणाला, आई, हे पोचायचं नाही. मी म्हटलं, तू आबिड्सच्या मोठ्या पोस्टात टाक, पुढचं पोस्टाचं काम.

मी प्रमिला भालकीकर. खाट नंबर आठ. जुलैच्या मध्यापासून पाच आठवडे तुमच्या ताब्यात होते. तुला तुम्ही म्हणावं की तू, यावर बराच विचार केला. तोंड पुसलंस, चमच्याने भरवलंस, तेव्हा तुम्ही म्हणायला हवं. पण डोळ्यांवरून तू माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढी वाटलीस, म्हणून तू म्हणते.

माझा आवाज अजून घोगराच आहे, घशातली नळी काढली तरी. शिवाय फोन वाजला की वॉर्डातलं मशीन वाजलं असं वाटतं. म्हणून कागद घेतला. तुझा चेहरा मी पाहिलेला नाही. तुम्ही सगळ्या डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या, पाठीवर मार्करने नावं. बाकीच्यांची तेलुगूत नाहीतर इंग्रजीत. तुझं एकटीचं देवनागरीत. ‘वै’वरच्या दोन्ही मात्रा जागच्या जागी होत्या. छत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळे श्वास अडकला असतानाही माझं लक्ष तिथेच गेलं. खोड आहे, जात नाही.

आता कामाचं. मला एक विचारायचं आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही.

घरी आल्यापासून सगळे सांगतात, आई, ते सगळे भ्रम होते. बरं, भ्रम तर भ्रम. पण तो ऐक.

तुमचा वॉर्ड मला परीक्षेचा हॉल दिसायचा. लांबलचक, बिनखिडक्यांचा, आणि उजेड असा की सकाळ आहे की दुपार ते कळू नये. ओळीने बाकं, बाकांवर मुलं आडवी, आणि प्रत्येकाच्या छातीवर उत्तरपत्रिका. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. घंटा वाजत होती, थांबतच नव्हती, तरी कुणी उठत नव्हतं. पांढरे पर्यवेक्षक ओळींमधून तरंगत जायचे. मीही पर्यवेक्षकच होते, फक्त आडवी होते. हॉलभर निळसर धुकं होतं आणि मला फार छान वाटत होतं, खोटं कशाला सांगू. अशी शांतता मला नोकरीत एकदाही मिळाली नव्हती.

शेजारी नऊ नंबरवर एक बाई लिहीत होत्या. मान खाली, लिहितायत, लिहितायत, पुरवणीवर पुरवणी. पुरवण्या पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या, बोर्डाच्या परीक्षेत बांधतात तशा, आणि दोऱ्याचं टोक खाली लोंबत होतं. मी म्हटलं, ‘वेळ संपली, पेपर द्या.’ त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग मी दोऱ्याचं टोक धरून ओढलं. दोरा येतच राहिला, येतच राहिला, आणि एकदम सुटला. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. तोंड उघडं होतं, आवाज मात्र मला ऐकू आला नाही. मग सगळ्या घंटा एकदम वाजल्या आणि पर्यवेक्षक धावत आले.

त्यापुढचं काही आठवत नाही. बऱ्याच दिवसांनी शुद्धीवर आले तेव्हा नऊ नंबरवर धुतलेली चादर घडी करून ठेवली होती. मी खुणेने विचारलं, तर ‘आराम करा’ एवढंच उत्तर मिळालं.

वैशाली, मी ओढला तो दोरा होता की त्यांच्या ऑक्सिजनची नळी होती? त्या बाई कुठे आहेत?

सरळ उत्तर दे. माझी प्रकृती उत्तम आहे, जेवणखाण व्यवस्थित चालू आहे, तेव्हा माझ्या काळजीने उत्तरात फेरफार करू नकोस.

प्रमिला भालकीकर


लालागुडा, सिकंदराबाद
२४ सप्टेंबर २०२०

आदरणीय बाई,

जय भीम. तुमचं पत्र सगळ्या मजल्यांवर फिरून मला मिळालं. त्यावर कुणीतरी सॅनिटायझर मारला होता, शाई पसरली होती, पण वाचता आलं. मी इंग्लिश मीडियमची. मराठी आईने घरी शिकवलं, आणि ती स्वतः चौथीपर्यंतच शिकलेली. त्यामुळे चुका होतील, माफ करा. नाव तेवढं मला नीट लिहिता येतं. तुम्ही मात्रांचं लिहिलं ते मी आईला वाचून दाखवलं. ती दिवसभर खूश होती.

बाई, परेशान होऊ नका. असं पुष्कळ पेशंटना होतं. ऑक्सिजन कमी पडतो, औषधं चालू असतात, दिवस कुठला नि रात्र कुठली ते कळत नाही, ओळखीचं माणूस जवळ नाही. मग मन आपलं जुनं काम काढून बसतं. आमच्याकडे एक कंडक्टर होते, ते दिवसभर हवेत तिकिटं फाडायचे. एक मावशी खाटेवर बसून भाकऱ्या थापायच्या. बरं झाल्यावर बहुतेकांना हळूहळू विसर पडतो.

तुम्ही कुणालाच हात लावला नाही. नऊ नंबरची खाट तेव्हा बंद होती. मशीन बिघडलं होतं, म्हणून तिथे पेशंट नव्हता. दोरा पण नव्हता. आता तो विषय सोडा, आराम करा, वेळेवर जेवा.

तुमची
वैशाली सोनकांबळे


काचीगुडा
१ ऑक्टोबर २०२०

चि. वैशाली,

तुझ्या जय भीमला माझाही जय भीम. मराठी चांगलं लिहितेस. चुका सात, त्यातल्या पाच वेलांटीच्या. आईला नमस्कार सांग, त्यांनी शिकवलेलं वाया गेलेलं नाही.

पण तू खोटं लिहिलंस. ‘नऊ नंबरची खाट’ या शब्दांच्या आधी तीन ओळी खोडल्या आहेत, आणि त्याही इतक्या दाबून की कागद फाटायला आलाय. मुलं असं कधी खोडतात ते मला पक्कं माहीत आहे.

नऊ नंबरवर बाई होत्या. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, निघत नव्हत्या म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. पहिले दोन दिवस माझं डोकं ठिकाणावर होतं तेव्हा आम्ही मास्क जरा सरकवून बोलायचो, तुमची पाठ फिरली की. ‘तुमी मास्तरीण हाव का? बोलन्यावरूनच कळालं मला,’ असं म्हणाल्या. उदगीरकडच्या. घरी घातलेल्या लोणच्यावर तेल ओतायचं राहून गेलं होतं आणि त्याला बुरशी येणार, ही त्यांना आजारापेक्षा मोठी काळजी. नाव विचारायचं माझ्याकडून राहिलं. अशी बाई मी भ्रमात रचली म्हणतेस? मला कल्पनाशक्ती कधीच नव्हती, व्याकरण होतं.

तुझा कंडक्टर आणि भाकऱ्यांच्या मावशी मला आवडल्या. पण त्यांनी हवेत तिकिटं फाडली, हवेत भाकऱ्या थापल्या. माझ्या हातात काहीतरी होतं. अजून बोटांना ते आठवतं.

दुपारी खुर्चीत डोळा लागला की मी परत त्या हॉलमध्ये जाते. धुकं तसंच, घंटा तशीच. आता मला तिथल्या ओळीही पाठ झाल्या आहेत. एका बाकाखाली चपला काढून ठेवलेल्या असतात, दुसऱ्यावरचा मुलगा झोपेत हसतो. नवल म्हणजे मला तिथे भीती वाटत नाही. भीती इथे वाटते. खिडकीतून रस्ता दिसतो, माणसं कामाला चालली आहेत, शहाळेवाला कुणाशी तरी तेलुगूत भांडतो आहे, आणि मी आरामात श्वास घेते आहे. घेताना मनात येतं, हा कुणाचा?

मला त्या बाईंचं नाव हवं आहे आणि घरचा पत्ता. जाऊन सांगायला हवं. छत्तीस वर्षं मुलांना सांगत आले की चूक केलीत तर उभं राहून कबूल करा. आता माझी पाळी आली तर खाली बसून राहू का?

बाकी ठीक. जेवणखाण व्यवस्थित.

प्रमिला भालकीकर


लालागुडा
१२ ऑक्टोबर २०२०

आदरणीय बाई,

जय भीम. हो, नऊ नंबरवर पेशंट होत्या. मी खोटं लिहिलं, त्याची माफी मागते. त्यांचं नाव जयवंता. पत्ता मी देऊ शकत नाही, तसा नियम आहे.

त्या वारल्या. त्यांच्या आजाराने वारल्या, तुमच्यामुळे नाही. मी त्या वेळी तिथेच होते.

तुम्ही धुकं लिहिता ते मला समजतं. त्या सूटमध्ये आमच्या गॉगलवर वाफ धरायची. आवाज लांबून यायचे, पाण्याखालून चालतोय असं वाटायचं. सहा-सहा तास पाणी प्यायचं नाही. कुणी हात वर केला तर तो खरंच वर केलाय का, हे जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही. ड्युटी संपवून बसमध्ये बसले की सगळ्यांचे चेहरे अर्धेच, नुसते डोळे. मला वाटायचं, ही सगळी आपलीच माणसं, आता उतरताना प्रत्येकाची नाडी बघायला पाहिजे. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही.

बाई, मनाच्या डॉक्टरकडे जाऊन या. त्यात लाज नाही. आमच्या दोन सिस्टर जातात.

आणि हात जोडून सांगते, त्या दिवसाचं यापुढे मला विचारू नका. माझी नोकरी कॉन्ट्रॅक्टवर आहे.

वैशाली


हिमायतनगर, हैदराबाद
२८ ऑक्टोबर २०२०

वैशाली सिस्टर,

नमस्ते. मी मनीषा, प्रमिला भालकीकरांची सून. हे लेटर ऑफिसमध्ये बसून लिहितेय, घरी आईंना कळू नये म्हणून. तुमचा ॲड्रेस त्यांच्या उशीखाली तुमची दोन पत्रं होती त्यावरून घेतला. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत, कळतं मला. पण राहवलं नाही.

आई तुम्हाला जेवण व्यवस्थित आहे असं लिहीत असतील. नाही आहे. सकाळी अर्धी इडली, दुपारी थोडं ताक, बस. वजन अडतीस किलोवर आलंय. फिजिशियन म्हणाले, लंग्ज क्लिअर आहेत, बाकी रिपोर्ट नॉर्मल. योगेश म्हणतात, टाइम लागेल. किती टाइम? काल बाथरूममधून बाहेर येताना त्या भिंतीला धरून खाली बसल्या आणि पाच मिनिटं उठता आलं नाही त्यांना.

परवा मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, ‘मनीषा, दुसऱ्याच्या वाटचं मला गिळत नाही गं.’ मी खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. परीक्षेचं, दोऱ्याचं. तुमचं शेवटचं पत्र पण दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘ती पोर मला वाचवते आहे. मी काय केलं ते तिने डोळ्यांनी पाहिलं आहे. मी पोलिसात गेले तर तिला विचारतील, तिची नोकरी जाईल, म्हणून मीही गप्प बसते.’ मनाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली होती, ती कॅन्सल करायला लावली. ‘गुन्हा औषधाने जात नाही,’ म्हणाल्या.

मी त्यांची सून आहे, कधीकधी आमचं वाजतं पण. त्या माझं मराठी सुधारतात, मी चिडते. आता त्या सुधारत नाहीत. मी मुद्दाम चुकीचं बोलते तरी नाही.

सिस्टर, आईंनी खरंच काही केलं का? केलं असेल तरी सांगा, आम्ही बघू. न सांगण्याने त्या मरतील.

मनीषा


लालागुडा
३ नोव्हेंबर २०२०

आदरणीय बाई,

जय भीम. तुमच्या सूनबाईंचं पत्र आलं. त्यांच्यावर रागावू नका. ते वाचून मी दोन दिवस कामावर गेले नाही. बाबांनी विचारलं, तब्येत बरी नाही का? मी हौ म्हटलं. आईला मात्र सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘लिवून टाक माय. ती बाई तुझं वझं आपल्या डोक्यावर घेऊन बसली की.’ म्हणून लिहिते. हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवू शकता. हॉस्पिटलला पण.

तुम्ही कुणाची नळी ओढली नाही. मी जे पाहिलं आणि जे केलं, ते सगळं खाली लिहिते.

तुम्हाला तोंडावर घट्ट बसणारा मास्क होता. तो तुम्ही सारखा काढायचा. भ्रमातले पेशंट काढतातच, त्यांना गुदमरल्यासारखं होतं. म्हणून २३ जुलैला सकाळी तुमचे दोन्ही हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधायची ऑर्डर होती. मी बांधले. दुपारपर्यंत उजव्या मनगटावर लाल वळ आला. तुम्ही मला सारखं म्हणत होता, ‘सोड गं मला. मुलं खोळंबलीत, पेपर गोळा करायचेत.’ इतर पेशंट तेलुगूत ओरडतात, उर्दूत ओरडतात, ते मला समजतं, पण मी काम करत राहते. तुम्ही मराठीत म्हणालात, आणि माझी आई म्हणते तसं ‘सोड गं’ म्हणालात. चार वाजायच्या सुमाराला मी तुमचा उजवा हात सोडला. कुणाला विचारलं नाही. वळाला मलम लावलं, पाच मिनिटांनी बांधू म्हटलं, आणि अकरा नंबरचं मशीन वाजलं म्हणून तिकडे गेले.

माझी पाठ तुमच्याकडे होती. तुमचं बोलणं मला ऐकू आलं, ‘वेळ संपली, पेपर द्या.’ मी मनात हसले पण. त्याच वेळी तुम्ही ओढत होता ती तुमचीच नळी होती, बाई. तुमच्याच तोंडावरची. दोन खाटांमध्ये सहा फुटांचं अंतर होतं, नऊ नंबरपर्यंत तुमचा हात पोचला पण नसता. डावा हात बांधलेलाच होता.

जयवंताबाईंनी ते पाहिलं. त्यांनी स्वतःचा मास्क खाली केला आणि ओरडल्या, ‘सिस्टर, मास्तरीणबाईचं निघालं बगा!’ तुम्हाला त्यांचं उघडं तोंड दिसलं ते तेव्हाचं. आवाज तुम्हाला ऐकू आला नाही, मला आला. मी धावले. तुमची बोटं निळी पडली होती. डॉक्टर आले, घशात नळी घालावी लागली, तुम्ही नऊ दिवस मशीनवर होता. जयवंताबाईंनी आपला मास्क आपणच परत लावून घेतला.

हे पण सांगते, कारण तुम्ही विचारणारच. त्या ओरडल्या त्यामुळे त्यांना काही झालं का? मी डॉक्टरांना विचारलं. दोनदा विचारलं. ते म्हणाले, नाही, त्यांचा ऑक्सिजन आधीच रोज खाली येत होता, अर्ध्या मिनिटाने काही फरक पडत नाही. मला ते खरं वाटतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, ‘मास्तरीणबाई हाय न्हवं?’ मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. शेवटी मी जवळ होते.

तुमचा हात मी सोडला हे त्यांना दिसलं होतं. त्या कुणाला बोलल्या नाहीत. आणि मी त्या दिवशीच्या कागदावर लिहिलं की पेशंटने पट्टी स्वतः सोडवून घेतली. तुमच्या नावावर खोटं लिहिलं. त्यानंतर तुम्ही शुद्धीवर येईपर्यंत मी रोज ड्युटीवर आल्यावर आधी आठ नंबर बघायची. तुमचं पहिलं पत्र मी चेंजिंग रूममध्ये उभ्यानेच वाचलं. मी जवळजवळ जीव घेतला होता तुमचा, आणि तुम्ही मलाच विचारत होता की मी कुणाचा जीव घेतला का. त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. भीती वाटली.

मला क्षमा करा असं लिहिणार नाही. तुम्ही जेवा, एवढंच मागते.

वैशाली


काचीगुडा
१७ नोव्हेंबर २०२०

प्रिय वैशाली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून तुझा राग आला, खरं सांगते. दोन महिने मला जळत ठेवलंस. दुसऱ्यांदा वाचताना हसू फुटलं. मी स्वतःचाच पेपर हिसकावून घेतला! माझं हसणं ऐकून मनीषा स्वयंपाकघरातून धावत आली, हातात झारा तसाच. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा रडले. मनीषा शेजारी बसून राहिली. तिने तुला लिहिलं म्हणून मी रागावणार होते, ते राहून गेलं.

जयवंताबाईंसाठी रडले. दोन दिवसांची ओळख. मी त्यांना साधं नाव विचारलं नव्हतं, आणि त्यांनी माझ्यासाठी ते केलं. तू लिहितेस की त्याने काही फरक पडला नाही. डॉक्टरांवर माझाही विश्वास आहे. पण त्यांना ते माहीत नव्हतं ना गं. त्यांना वाटलं असेल की आपला श्वास जाईल, तरी मास्क काढलाच. दोन महिने मला वाटत होतं की मी त्यांचं काहीतरी ओढून घेतलं. त्यांनी दिलं होतं. हे समजून घ्यायला मला चोरीपेक्षाही अवघड जातं आहे, कारण घेण्याची सवय मला नाही. मनीषाला विचार, साधा चहासुद्धा मी दुसऱ्याच्या हातचा नावं ठेवल्याशिवाय घेत नाही.

आता तुझं. कागदावर खोटं लिहिलंस ते वाईट. त्याला माफी नाही आणि तू मागितलीही नाहीस, ते आवडलं. त्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव, मी आग्रह करणार नाही. सोबत एक वेगळा कागद आहे. त्यावर मी लिहून दिलं आहे की मी हात सोडायला सांगितलं म्हणून सिस्टरने सोडला आणि माझी काही तक्रार नाही. सही आणि तारीख आहे. कधी लागला तर वापर, नाहीतर ठेवून दे.

पण हात सोडलास ते चूक होतं असं मला सांगू नकोस. नियमाने असेल. माझी ती दुपार तू लिहिलीस तेव्हा मला कळली. बांधलेले ते तास मला आठवत नाहीत, आणि तेही बरंच आहे. पण त्या हॉलमध्ये मी मोकळी होते, सगळी मुलं माझ्या ताब्यात होती, आणि मला छान वाटत होतं, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं. ते छान वाटणं तुझ्या हातून आलं होतं. त्या गोंधळात एवढी माणसं ओरडत असताना तू माझं म्हणणं ऐकलंस. पुढे जे झालं त्याची जोखीम होती, आणि तू अकरा नंबरकडे गेलीस कारण तिथेही माणूसच होतं. सहा तास तहानलेल्या एका मुलीने किती ठिकाणी असायचं?

मनाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तरुण बाई आहेत, तेलुगू. माझं हैदराबादी हिंदी ऐकून त्या दोनदा हसल्या. गोळ्या दिल्या आहेत, दर गुरुवारी बोलवलं आहे. त्यांनी सांगितलं, हॉल लगेच जाणार नाही. काल आला होता. धुकं जरा पातळ होतं आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर नुसती बसून राहिले. तूही कुणाकडे तरी जा. त्यात लाज नाही असं मला लिहिणारी तूच.

दिवाळीचे चार दिवस मी कसेबसे काढले. थोडं खायचे ते मनीषाच्या तोंडाकडे बघून, घशाखाली ढकलल्यासारखं. आज दुपारी मात्र दीडच्या सुमाराला खुर्चीतून उठून मी स्वयंपाकघरात गेले. मनीषा ऑफिसच्या कॉलवर होती. मी आपल्या हाताने ताट वाढून घेतलं, अंबाडीचं वरण, भात, वर कच्चा कांदा. ओट्याशी उभं राहूनच खाल्लं, परत भात घेतला, तोही संपवला. जयवंताबाईंचं ऋण, तुझी विनवणी, यातलं काहीही त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. मला भूक लागली होती.

तुझी
प्रमिलाबाई